बाबा म्हणाले, ‘मलाही दे ना त्यातलं’

जिममध्ये हेडफोन लावून ऐकत असाल, तर आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी. अमिनो ॲसिडच्या सप्लिमेंटने वजन खरंच कमी होतं का?

माझीच गोष्ट सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. वजन ८४ किलोवर गेलं, तेव्हा इथेच नाशिकमध्ये जिम लावली. तिथे सल्ला मिळाला, "एल-कार्निटीन घे, फॅट जळेल. सोबत बीसीएए घे." दोन्हींचे मिळून साडेचार हजार गेले. दोन महिन्यांत दीड किलो उतरलं. मी खूश!

मग एक दिवस बाबा म्हणाले, "मलाही दे ना त्यातलं. पोट कमी होईल." बाबांना डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत. आणि डब्यात नेमकं काय आहे, हे मलाच माहीत नव्हतं! लाज वाटली. मग बसून वाचलं.

आधी कार्निटीन. आपल्या पेशींमध्ये चरबी जळते ती मायटोकॉन्ड्रियामध्ये. तिथपर्यंत चरबी नेण्याचं काम कार्निटीनचं. म्हणजे हा मालवाहू ट्रक. पण लासलगावला नुसते ट्रक वाढवले म्हणून कांदा जास्त खपतो का? पुढे मागणी पाहिजे ना! शरीरात ती मागणी येते खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला की. आणि ट्रक म्हणाल, तर निरोगी माणसाचं शरीर ते स्वतःच बनवतं, लिव्हर आणि किडनीमध्ये.

फायदा शून्य आहे, असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये ३७ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. फरक निघाला सरासरी सव्वा किलोच्या आसपास. बस्स. शिवाय काहींना मळमळ, जुलाब होतात, आणि डोस जास्त झाला तर अंगाला माशासारखा वास येऊ शकतो. जिममध्ये हे कोणी सांगितलं होतं?

आता बीसीएए. यात तीन अमिनो ॲसिड असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. पण शरीराला बाहेरून लागतात नऊ. स्नायू बांधायला नऊही हवेत. तीनच आणून दिले तर बाकीचे सहा कुठून येणार? जेवणातूनच.

आणि इथेच मला गंमत वाटली. शरीर कार्निटीन बनवतं ते लायसिन आणि मेथिओनिन या दोन अमिनो ॲसिडपासून. मटकीत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. बाजरीत उलटं. म्हणजे आईची उसळ-भाकरी एकमेकींची उणीव भरून काढते! मी मात्र ‘डाएट’ म्हणून तीच भाकरी सोडून डबे घेत होतो.

वजन उतरवताना प्रोटीन महत्त्वाचंच आहे, बरं का. पोट भरलेलं राहतं, स्नायू टिकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम लागतं. ७० किलोला साधारण ५८ ग्रॅम. डाळ, उसळ, दही, पनीर, फुटाणे, चालत असतील तर अंडी, यातून ते जमतं. याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनातही स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असंच सांगितलंय.

मी डबे बंद केले. दोन्ही वेळा नीट जेवतो, भात निम्मा केला, रात्रीचं वेफर्सचं पाकीट सुटलं. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. सहा महिन्यांत पाच किलो गेले. हळूच, पण गेले.

बाबांना डबा दिला नाही. आता संध्याकाळी दोघं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला जातो. तुमच्या घरी कोणाची शुगरची, बीपीची किंवा किडनीची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही देऊ नका. आणि स्वतः घेत असाल, तर आज घरी गेल्यावर डब्यामागचं लेबल एकदा वाचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, नीट जेवा!