रोमचा छळ आणि शेजारचा छळ

कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या सागरदेवाची कांस्यमूर्ती आपण तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहिली असेल. रोमचा व्यापार पंचगंगेच्या काठाला भिडला होता, त्याच सुमाराच्या शतकांत रोमच्या राज्यात ख्रिस्ती मंडळी वाढत होती. या वाढीविषयी एक समजूत घट्ट बसली आहे: सम्राटांनी छळ मांडला, हुतात्म्यांचे रक्त सांडले आणि त्यावर धर्म फोफावला. मला ती मान्य नाही. पहिली दोनशे वर्षे छळाची सुरुवात बहुधा शेजारीपाजारीच करत होते, आणि धर्म पसरला तोही घरोब्यातून, नात्यागोत्यातून. बायबलमधली फिलिप्पैची लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी बाई; तिचा बाप्तिस्मा झाला तो सगळ्या घरासकट.

इ. स. 112 च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहितो. ख्रिस्ती म्हणून माणसे त्याच्यापुढे आणली जात होती ती लोकांच्या तक्रारींवरून. एक तर नावांची निनावी यादीच त्याच्या हाती आली होती. मंडळीत सेविका म्हणवणाऱ्या दोन दासींना यातना देऊन त्याने चौकशी केली. ट्राजनचे उत्तर असे, की त्यांना हुडकत फिरू नका, निनावी कागद घेऊ नका, पण आरोप शाबीत झाला आणि देवांची पूजा करायला नकार दिला तर शिक्षा द्या. सरकार स्वतःहून उठत नव्हते; तक्रार करणाऱ्याच्या हाती मात्र त्याने जीवघेणे हत्यार दिले होते. 177 साली लियों शहरात तर आधी ख्रिस्त्यांना लोकांच्या घरांत, स्नानगृहांत आणि बाजारात मज्जाव झाला. खटले आणि वध नंतर. वाळीत टाकणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा क्रम नवा वाटणार नाही.

कोणी विचारील, डेशियस आणि डायोक्लेशन या सम्राटांचे काय? त्यांची क्रूरता मी कमी लेखत नाही. 250 साली डेशियसच्या हुकुमाने प्रत्येकाला देवांना बळी अर्पण करून दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या वाळूत तसे दाखले सापडले आहेत. पण त्या वेळी असंख्य ख्रिस्ती नमले, आणि त्यांना परत घ्यावे की नाही यावरून मंडळी दुभंगली. रक्तानेच धर्म वाढता तर ही पडझड झाली नसती. डायोक्लेशनचा छळ 303 मध्ये सुरू झाला आणि 311 मध्ये त्याच्याच गोटातल्या गॅलेरियसला तो मागे घ्यावा लागला. तोवर ही माणसे शहराशहरांत इतकी मुरली होती की त्यांना उपटणे राज्याला झेपले नाही.

आपल्याकडे हेच अधिक स्पष्ट दिसते. राज्यकर्ते ख्रिस्ती असताना छळ कसला, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण 1813 साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनी सरकारच हाकलू पाहत होते. आणि 1843 चे श्रीपत शेषाद्री प्रकरण बघा. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला. बारा वर्षांच्या श्रीपतचा बाप्तिस्मा झालाही नव्हता. न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले, जात मात्र घेईना, कारण तो मिशनच्या घरी जेवला होता. त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनाही जातीचा रोष पत्करावा लागला. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क राखायला 1850 चा कायदा करावा लागला, यावरूनच वार कुठून होत होता ते कळते. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि संसार तुटला. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 चा. उच्चवर्णीयांतला एकेकटा माणूस असा तोडला जाई, म्हणून तिथे संख्या वाढली नाही. उलट अहमदनगरकडे महार कुटुंबांत सोयऱ्याधायऱ्यांच्या वाटेने गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या.

आणि ख्रिस्ती सत्तेलाही माणसाच्या अंतःकरणावर ताबा हवा झाला, तेव्हा तिलाही घरातच शिरावे लागले. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, बाटलेल्या ख्रिस्त्यांच्या लग्नातली हळद, विडा आणि दारातली तुळस यांवर बंदी घातली.