एकाची सुट्टी, एकीचा हंगाम

बचतगटाची बैठक उरकून रेडिओजवळ बसलेल्या, भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, सगळ्यांना आम्हा दोघांचा नमस्कार.

आम्ही कोकणातले शेतकरी नवरा-बायको. थोडी भातशेती, तीसेक आंब्याची कलमं आणि पडवीला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या, एवढा आमचा संसार. लग्नाला ३४ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात लावणी उरकून आम्ही महिनाभर सुट्टीला गेलो. आधी स्वित्झर्लंडच्या डोंगरात, मग ग्रीसच्या समुद्रकाठी. गणपतीच्या आधी परत आलो. तेव्हापासून गावात दोनच प्रश्न विचारतात. खर्च किती आला, आणि बर्फ पाहिला का? त्यांची उत्तरं आधी देऊन टाकतो. मुलगी बर्न शहरात नोकरी करते. विमानाची तिकिटं तिनं काढली, ग्रीसचा खर्च आम्ही आंब्याच्या पैशातून केला. दोन्ही देश शेंगेन करारातले, त्यामुळे एकच व्हिसा दोन्हीकडे चालला. आणि बर्फ पाहिला, पण लांबून.

आज बोलायचंय ते तिसऱ्याच गोष्टीवर. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी सुट्टीला येतात. पोरं आंबे खातात, पुरुष पत्ते खेळतात, आणि घरची बाई पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत चुलीपुढे. त्यांची सुट्टी, तिचा हंगाम. आता आम्हीच कुणाच्या तरी गावात सुट्टीला गेलो होतो. मग तिथं आमच्यासाठी कोण राबतंय, आणि त्याचा मोबदला कुणाच्या हातात पडतोय, इकडे आमची नजर सारखी जायची.

बर्नहून गाडी बदलून दीड तासाच्या आत लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात पोचता येतं. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. त्यातला श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून पडतो, खाली येईस्तोवर त्याचा नुसता धुरळा होतो. वर म्यूरेन नावाचं गाव आहे, १६०० मीटरहून उंच. तिथं पर्यटकांच्या मोटारगाड्यांना रस्ताच नाही, पाळण्यातून आणि छोट्या रेल्वेनं जायचं. पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर किती चालायचं ते तासांत आणि मिनिटांत लिहिलेलं. पाटीवर दीड तास असला की आम्हाला अडीच लागायचे.

राहायला छोटं घर भाड्यानं घेतलं होतं, स्वयंपाकघरासकट. म्हणजे चूल तिथंही आलीच. पहिल्या संध्याकाळीच ठरवलं, एक दिवस एकानं रांधायचं, एक दिवस एकीनं. आमटी कधी खारट झाली, कधी पातळ, पण ठरलेलं मोडलं नाही.

तिथले शेतकरी जूनमध्ये गुरं वरच्या कुरणांवर नेतात आणि सप्टेंबरात खाली आणतात. साधारण १०० दिवस. खाली तोवर गवत कापून, वाळवून हिवाळ्याची बेगमी चालते. उतार इतका उभा की पुष्कळ ठिकाणी गवत दाताळ्यानं हातानंच ओढावं लागतं. आम्ही पाहिलं तिथं बायका, पोरं, म्हातारे सगळे शेतात होते. पर्यटक त्याचे फोटो काढत होते. आम्हाला मात्र आपली कापणी आठवली आणि पाठ दुखायला लागली.

वरच्या एका झोपडीत एक बाई तांब्याच्या मोठ्या कढईत दूध तापवून चीझ करत होती. नवरा धारा काढायचा, ती चीझ करायची. १० लिटर दुधाचं जेमतेम १ किलो घट्ट चीझ होतं. दारातच कपाट होतं, त्यात चीझचे तुकडे, बाजूला पैशांची पेटी. घ्या आणि पैसे टाका. मुलीनं दुभाषाचं काम केलं. सुट्टी कधी घेता, असं आम्ही त्या बाईला विचारलं. गुरं खाली गेल्यावर बघू, अशा अर्थाचं काहीतरी ती हसून म्हणाली. म्हणजे आपल्यासारखंच.

पण एक गोष्ट आपल्यासारखी नव्हती. थून सरोवराच्या वर युस्टिसटाल नावाचं खोरं आहे. तिथं उन्हाळाभर अनेकांच्या गायींचं दूध एकत्र करून चीझ बनतं. कुणाच्या गायीनं किती दूध दिलं याचं माप ठेवतात, आणि सप्टेंबरात सगळ्यांसमोर त्या हिशोबानं चीझची वाटणी होते. तिथं तो मोठा सण असतो. आम्ही ऑगस्टात गेल्यानं तो पाहता आला नाही, पण ऐकल्यावर आमच्या डोळ्यांपुढे आपली डेअरी आली. माप आपल्याकडेही आहे. पण धार काढते बाई, आणि डेअरीच्या पुस्तकावर नाव कुणाचं असतं?

स्वित्झर्लंडमध्ये सगळं आधीपासून सुधारलेलं आहे, असं समजू नका. देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क तिथल्या बायकांना १९७१ साली मिळाला. ७ फेब्रुवारीला त्यावर मतदान झालं ते फक्त पुरुषांचं, कारण बायकांना मतच नव्हतं. आपल्याकडे १९५२ पर्यंत पहिली निवडणूक होऊनही गेली होती, आपल्या आज्यांनी शाई लावून घेतली होती. आप्पेनझेल इनररोडन या छोट्या भागात तर पुरुष त्यांच्या ग्रामसभेसारख्या उघड्या सभेत नाहीच म्हणत राहिले. शेवटी १९९० साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी बायका त्या सभेत उभ्या राहिल्या. आणि १९८८ पर्यंत लग्नाच्या कायद्यात नवरा हाच कुटुंबप्रमुख होता. बायकोनं नोकरी करायची तर त्याची संमती लागायची. ती चीझ करणारी बाई साठीच्या पुढची होती. म्हणजे हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं.

तिथून विमानानं अथेन्सला गेलो. पिरेयस बंदरातून रात्रीची बोट धरून सकाळी लेसवोस बेटावर उतरलो. बेटाच्या उत्तरेला पेत्रा नावाचं गाव आहे. पेत्रा म्हणजे खडक. गावाच्या मधोमध मोठा खडक, त्यावर मेरीमातेचं देऊळ, ११४ पायऱ्या चढून जायचं. भोवती जैतुनाच्या बागा, पुढे समुद्र.

समुद्र आम्हाला नवा नाही, घरापासून तीन किलोमीटरवर आहे. तरी आमच्यातली एक आयुष्यात पहिल्यांदा गळ्याएवढ्या पाण्यात गेली ती पेत्राला, सलवार-कमीज घालून. आपल्या किनाऱ्यावर बाई मासे घ्यायला जाते, शिंपल्या काढायला जाते. पोहायला जात नाही. तिथल्या म्हाताऱ्या बायका डोक्यावर टोप्या घालून पाण्यात घोळक्यानं उभ्या राहतात आणि तासभर गप्पा मारतात. त्यांनी खुणेनं बोलावलं. भाषा कळत नव्हती. तरी सुनांबद्दल चाललंय एवढं कळलं.

पाहुणा आला की तिथं बशीत चमचाभर मुरंबा आणि थंड पाणी देतात, अगदी आपल्या गूळपाण्यासारखं. दुधीच्या जातीच्या एका भाजीची फुलं चीझ भरून तळतात. आपण भोपळ्याच्या फुलांची भजी करतो, तीच त्यांची बहीण.

या पेत्रात १९८३ साली बायकांनी पर्यटनाची सहकारी संस्था काढली. ग्रीसमधली अशी ही पहिली. त्याआधी शेतातलं काम, घरातलं काम, पाहुण्यांचं काम बाईच करायची, पण तिच्या नावावर काही नसायचं. सरकारी पाठिंब्यानं बायका एकत्र आल्या. खोल्या ज्या त्या बाईच्या घरात, पाहुण्यांची नोंदणी संस्थेमार्फत, आणि संस्थेचं स्वतःचं जेवणघर. घरचंच रांधणं, पण आता त्याला दर लागला आणि पैसा बाईच्या हातात आला. मग खिओस बेटावर, आंबेलाकिया या डोंगरातल्या गावात आणि आणखी कितीतरी ठिकाणी अशा संस्था निघाल्या.

योग असा की त्याच १९८३ साली ग्रीसच्या नव्या कुटुंब कायद्यानं हुंड्याची प्रथा काढून टाकली आणि नवरा-बायकोला संसारात सारखं मानलं. एजियन समुद्रातल्या पुष्कळ बेटांवर मुलीला लग्नात घर द्यायची रीत होती. घर बाईचं असलं की खोली भाड्यानं द्यायचा निर्णयही तिला घेता येतो.

आम्ही १५ ऑगस्टलाही पेत्रातच होतो. आपल्याकडे झेंडावंदन, तिथं मेरीमातेचा मोठा सण. गाव माणसांनी फुललेलं. आमच्या घरमालकीणबाई पहाटेपासून कामात, पण दुपारी दोनला दार लावून झोपल्या त्या पाचलाच उठल्या. पाहुण्यांनी थांबायचं. त्या लागलेल्या दाराचा आम्हाला फार हेवा वाटला.

परत आल्यावर आम्ही एक वही घातली. पर्यटकांच्या दोन खोल्यांसाठी कुणी किती तास काम केलं ते रोज लिहायचं. पहिल्याच महिन्यात त्याचे ६१ तास भरले आणि तिचे १४८. खोल्यांचे पैसे आता दोघांच्या नावच्या खात्यात जमा होतात. मे महिन्यात येणाऱ्या नातेवाइकांनाही कळवलंय, संध्याकाळचा स्वयंपाक पाळीपाळीनं. दोघातिघांना राग आलाय.

एका बाबतीत मात्र आमच्यात अजून तिढा आहे. घर सामाईक, नमुना आठवर फक्त पुरुषांची नावं. तिचं नाव लावायचं तर भावांशी बोलावं लागेल. एकाला वाटतं, भावकीत कलह होईल, जरा दमानं घेऊ. एकीला वाटतं, ३४ वर्षं दमानंच घेतलं. गणपतीत भाऊ आले, तेव्हा विषय निघाला आणि तसाच राहिला. शिमग्याला पुन्हा काढणार आहोत.

मैत्रिणींनो, परदेशी जायला सगळ्यांना जमणार नाही, जायलाच हवं असंही नाही. पण पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं तीन प्रश्नांची उत्तरं सांगा. डेअरीच्या पुस्तकावर नाव कुणाचं? घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? आणि दुपारी दोन ते पाच आपलं दार लावायची मुभा तुम्हाला आहे का? तिसऱ्या प्रश्नावर हसू येईल. हसून झालं की उत्तर वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.