एकोणतीस अंकांची संख्या आणि आचार्य वीरसेन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आज मी एकाच संख्येविषयी बोलणार आहे. ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. अंक एकोणतीस. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची किमान संख्या सांगताना हिचा निर्देश येतो, आणि तोही तीन प्रकारे: ती एकोणतीस स्थाने व्यापते, दोनाच्या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती मिळते, आणि तिचे शहाण्णव वेळा अर्धे करता येते.

दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५५३६. या चौथ्या वर्गाला 'पण्णट्ठी' म्हणतात. पाचवा ४२९४९६७२९६, तो 'बादाल'. आरंभीच्या पासष्ट आणि बेचाळीस या अंकांवरूनच ही नावे पडली. पाठांतराची केवढी सोय! सहावा वर्ग वीस अंकी आहे.

तिसरे लक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. शास्त्रकार त्याला 'छेद' किंवा 'अर्धच्छेद' म्हणतात. आजच्या भाषेत दोन पायावरील लॉगरिदम. लेखनिकाच्या हातून ताडपत्रावर एक अंक जरी चुकला, तरी शहाण्णव वेळा अर्धे करून नेमका एक उरणार नाही. तो गुण या एकाच संख्येचा आहे.

कोणी विचारतात, पृथ्वीवर आज सुमारे आठशे कोटी माणसे, मग हा आकडा कसला? तो अडीच द्वीपांच्या मनुष्यक्षेत्राचा आहे. जनगणनेशी त्याचा मेळ घालण्याचा खटाटोप मी करणार नाही. खरा प्रश्न शास्त्राच्या आतलाच आहे, आणि तो आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात उपस्थित केला.

षट्खंडागमात पर्याप्त मनुष्यांची संख्या दोनाच्या सहाव्या आणि सातव्या वर्गांच्या दरम्यान सांगितली आहे. आपली संख्या तेथे बसते. परंतु त्याच ठिकाणी दुसरी मर्यादा आहे: कोटीच्या घनाहून अधिक, कोटीच्या चौथ्या घाताहून कमी. कोटीचा चौथा घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. अंक तेवढेच, एकोणतीस. पण आपली संख्या त्याच्या जवळजवळ आठपट!

वीरसेनांनी हा विरोध झाकला नाही. 'धवला' टीकेत त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, एवढी माणसे तेथे मावणार नाहीत असे दाखविले आणि मोठी संख्या अमान्य केली. परंपरेने आलेला आकडा, तोही इतका देखणा. तरी आचार्यांनी तो मोजून पाहिला. श्रद्धेला त्यामुळे बाध येतो असे त्यांना वाटले नाही. आपल्याला मात्र पाठशाळेत मुलाने शंका काढली की पुष्कळदा राग येतो.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांतील ही 'धवला' डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागली. चौथ्या खंडात तिच्या गणितावर लखनौचे प्रा. अवधेश नारायण सिंह यांचा लेख आहे. आपल्या ग्रंथालयात हे खंड असतील तर कृपया कुलूप काढून ठेवावे.

पाठशाळेतील मुलांनी आज घरी एवढे करावे. ही संख्या वहीत लिहून घ्यावी आणि अर्धे करीत जावे. पहिले उत्तर मी सांगतो: ३९६१४०८१२५७१३२१६८७९६७७१९७५१६८. उरलेली पंचाण्णव तुमची.