सासूबाईंचा गुडघा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मंडळात आजवर माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, चहा करणे आणि हळदीकुंकवाला वाण भरणे. उभे राहून चार शब्द बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी त्या वर्षात जे घडले ते सांगा, दहाजणींना उपयोग होईल." आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांना विचारल्यावाचून मी बोलणार नव्हते. त्या म्हणाल्या, "सांग की. माझे सांग आणि तुझेही सांग." त्या 'तुझेही'चा अर्थ तुम्हाला पुढे कळेल.

आईंचा जन्म शेतात आणि चुलीपुढे गेला. खुरपणीला बसायचे, दळायला बसायचे, भाकरी करायला बसायचे. साठीनंतर उजवा गुडघा इतका झिजला की रात्री कूस बदलताना त्या देवाचे नाव घेत. २०१८ साली बेदाण्याचे पैसे हाती आले होते. आमच्या घरी हे म्हणाले, "आईचा गुडघा करून टाकू." माघात शस्त्रक्रिया झाली.

गुडघा बदलणे म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटे, सबंध गुडघाच कापून काढतात. तसे नसते. झिजलेली हाडांची टोके तासून काढतात, मांडीच्या हाडाला धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक ठेवतात आणि दोहोंच्या मध्ये कठीण प्लॅस्टिकची चकती असते. आईंना त्याचा फार चांगला गुण आला. दीड महिन्यात काठी सुटली. पुढची चार वर्षे त्या आपल्या तासगावच्या गणपतीला रोज पायी जात होत्या. ज्यांना ही शस्त्रक्रिया करायची आहे त्यांनी माझे बोलणे ऐकून भिऊ नये, म्हणून हे आधी सांगितले. बहुतेकांचा गुडघा चांगला चालतो. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता. त्यात शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात असा हिशेब निघाला, असे मला डॉक्टरांनी सांगितले. पण उरलेल्या अठरांचेही कोणी तरी घरी असतेच की.

२०२२ च्या श्रावणात आई म्हणू लागल्या, "अगं, गुडघा परत दुखतोय. बसून उठले की पहिली चार पावले जीव जातो." मी म्हटले, पावसाळी हवा आहे. तेल लावले, शेक दिला. औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या. त्यात जंतूंवरच्या गोळ्यांचे पाकीटही होते. त्या घेतल्या की चार दिवस बरे वाटे, पुन्हा आपले तेच. असे दोनतीनदा झाले.

मग गौरीचे दिवस आले. घरात पाहुणे, सोळा भाज्यांचा स्वयंपाक, आणि आई सारख्या म्हणत होत्या, "दुखतेय गं." मी ओट्याशी उभी होते. माझी पाठ भरून आली होती. मी म्हणाले, "आई, एवढा पैसा घालून गुडघा नवा केला, तरी तुमचे दुखणे काही सरत नाही. आम्ही तरी किती करायचे?"

आई काही बोलल्या नाहीत. पुढ्यातली भाजी निवडत राहिल्या. आणि बायांनो, त्या दिवसापासून त्यांनी 'दुखते' हा शब्द तोंडातून काढला नाही. मला वाटले, बरे झाले, दुखणे थांबले.

२०२३ च्या अक्षय्य तृतीयेची गोष्ट. परसात कपडे वाळत घालायला गेले, तो तुळशीमागच्या दोरीवर, इतर कपड्यांच्या आडोशाला, धुतलेल्या जुन्या लुगड्याची चारसहा लहान फडकी दिसली. कैऱ्यांचे दिवस, मला वाटले, आईंनी लोणच्याच्या बरण्यांना दादरे काढून ठेवले असतील. हातात घेऊन पाहिले तर हळदीचे डाग आणि त्याखाली दुसरेही पिवळे डाग. मी तशीच आत गेले. आईंचे लुगडे गुडघ्यापर्यंत वर केले. गुडघा सुजलेला, हात लावला तर तापलेला, आणि जुन्या टाक्यांच्या रेषेवर एक बारीक छिद्र, त्यातून पाणी झिरपत होते. त्या रोज तिथे हळद भरून फडके बांधीत होत्या, आणि ते फडके आपणच धुऊन घालीत होत्या.

मी विचारले, "आई, सांगितले का नाही?"

त्या म्हणाल्या, "तू दमतेस गं. आणि पैसेही झाले होते ना खर्च."

माझेच शब्द माझ्यापुढे आले. त्या रात्री मला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मिरजेला गेलो. तिथल्या अस्थितज्ज्ञांनी छिद्र पाहिले मात्र, त्यांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाले, "आजी, सांध्यापर्यंत जंतू पोचले आहेत." तरी त्यांनी घाईने चाकू हातात घेतला नाही. त्यांचे एक वाक्य मी मनात गाठ मारून ठेवले आहे. का दुखते ते कळल्याशिवाय बदललेला गुडघा पुन्हा उघडायचा नाही. जात्याचा खुंटा सैल झाला तर वरून ठोकून भागत नाही, का सैल झाला ते पाहावे लागते, तसेच हे. बसवलेला सांधा हाडापासून सुटतो, चकती झिजते, सांधा डगमगतो किंवा आखडतो, हाड मोडते किंवा जंतू शिरतात. कधी तर दुखणे असते खुब्याचे नाही तर कमरेचे, आणि जाणवते गुडघ्यात. प्रत्येकाचा उपाय निराळा.

म्हणून त्यांनी नवे जुने एक्स-रे शेजारी लावून पाहिले, रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या केल्या, आणि गुडघ्यात सुई घालून आतले पाणी तपासायला काढायचे ठरवले. पण त्याआधी विचारले, "जंतूंवरच्या गोळ्या घेतल्या का?" मी पाकिटांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अशा गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते लपतात, मग तपासणीत सापडत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही." त्या गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबावे लागले, मग पाणी काढले.

त्यांनी असेही विचारले की, त्याआधी कुठे गळू, जखम, दातदुखी झाली होती का. आईंना आठवले, आषाढात दाढ सुजून पू झाला होता. लवंग धरून त्यांनी तो अंगावरच काढला होता. जंतू तिथूनच आले असे खात्रीने सांगता येत नाही, पण दाताचे, कातडीचे जंतू रक्तातून बसवलेल्या सांध्याकडे जाऊ शकतात. शंभरात एखाददुसऱ्याच्याच वाट्याला हा जंतूंचा त्रास येतो. तो आमच्या वाट्याला आला.

मी हात जोडून विचारले, "डॉक्टरसाहेब, जालीम औषध देऊन भागणार नाही का?" ते म्हणाले, "रांजण बरेच दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो ना? वरचे पाणी बदलून तो जातो का? धातूवर जंतू तसाच थर धरतात. औषध त्याच्या आत पोचत नाही. सांधा काढावाच लागेल." आणि मग त्यांनी सहज म्हणून सांगितले, "दुखणे सुरू झाल्यावर पहिल्या दोनतीन आठवड्यांत आला असता, तर कदाचित आतून धुऊन, मधली चकती बदलून भागले असते." त्यांनी कोणाला दोष दिला नाही. पण मी मनात महिने मोजले. गौरीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जवळजवळ आठ महिने होतात.

पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद हवे होते, कारण आत कोणत्या बनावटीचा आणि किती मापाचा सांधा आहे हे काढणाऱ्याला ठाऊक असले तर काम सोपे होते. मी कपाट धुंडाळले, सापडेना. आई म्हणाल्या, "माझ्या पोथीच्या फडक्यात बघ." अक्षरओळख नसलेल्या बाईने तो कागद, त्यावरच्या सांध्याच्या चिकटपट्ट्यांसह, पाच वर्षे पोथीबरोबर जपला होता.

मे महिन्यात पहिली शस्त्रक्रिया झाली. जुना सांधा काढला, आतले सगळे स्वच्छ केले आणि जागा भरून ठेवायला औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला. हे घर बांधायचे सिमेंट नव्हे, हाडासाठीचे निराळे असते. त्यातून औषध आतल्या आत पाझरत राहते. वर सहा आठवडे शिरेतून आणि मग पोटात औषधे. मग औषध थांबवून पुन्हा तपासण्या. जंतू नाहीत अशी खात्री पटल्यावरच, ऑगस्टमध्ये, दुसरी शस्त्रक्रिया होऊन नवा सांधा बसला. काढताना थोडे हाड जातेच, म्हणून या सांध्याला हाडाच्या पोकळीत जाणाऱ्या लांब दांड्या असतात. शस्त्रक्रियेला वेळही पहिलीपेक्षा बराच जास्त लागतो.

खर्चही तसाच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या धातूच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि दुसऱ्या वेळच्या सांध्याला १,१३,९५० रुपये ठरले होते, कर वेगळा. हे नुसत्या सांध्याचे. खोली, औषधे, शस्त्रक्रिया निराळी. माझ्या पाटल्या सराफाकडे गेल्या. त्याचे मला काही वाटले नाही. उलट हात मोकळे झाल्यावर मन थोडे हलके झाले.

मधले तीन महिने कठीण गेले. त्या पायावर भार द्यायचा नव्हता. चौपायी धरून न्हाणीपर्यंत जायचे, तेही मी धरल्यावर. आईंना उचलून बसवताना एकदा मी म्हणाले, "आई, गौरीला मी बोलले ते..." त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही. म्हणाल्या, "मीही माझ्या सासूला असेच बोलले होते. त्यांचा डोळा दुखत होता. त्या गेल्या तरी मला ते सांगायचे धैर्य झाले नाही. तू सांगितलेस." मग आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो.

त्या दिवसांत या मंडळाने जे केले ते मी विसरणार नाही. मी मिरजेला असताना वार लावून तुम्ही माझ्या घरी भाकरी-भाजीचा डबा पोचवलात. मुलांची शाळा आणि ह्यांचे जेवण एक दिवस चुकले नाही.

आता आईंचा पाय कसा आहे, ते खरे सांगते. पहिल्यासारखा नाही. दुसऱ्या वेळचा गुडघा पहिल्याची बरोबरी करीत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. काटकोनापर्यंत वाकतो, हाती काठी आहे, मांडी घालून बसता येत नाही. पण रात्री झोप लागते, आणि देवळापर्यंत त्या हळूहळू स्वतःच्या पायांनी जातात. या वर्षी गौरीच्या भाज्या त्यांनी खुर्चीवर बसून निवडल्या.

मैत्रिणींनो, मी तुम्हाला शिकवणारी कोण? पण सोसले म्हणून सांगते. बदललेला गुडघा बरा होऊन पुन्हा दुखू लागला, सुजला, तापला, किंवा टाक्यांतून थेंब जरी आला, तर तेल-हळद न करता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना किंवा दुसऱ्या जाणत्या अस्थितज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा. विचारल्यावाचून जंतूंवरच्या गोळ्या देऊ नका. दाढ, गळू, पायाच्या भेगा अंगावर काढू नका. शस्त्रक्रियेचे कागद जपा. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी, "का दुखते ते सापडले का?" हा प्रश्न न लाजता विचारा.

आणि शेवटचे सुनांसाठी. घरातली म्हातारी माणसे दुखते म्हणतात तोवर आपले भाग्य समजावे. ती म्हणायची थांबली, की आपण उठून बघावे.