मी कोणाचा?



आपल्याकडे खेडेगावी एखादे अनोळखी मूल दिसले म्हणजे वडीलधारे माणूस त्याला आधी नाव विचारीत नाही. ‘कोणाचा रे तू?’ असे विचारते. मुलाने बापाचे किंवा आज्याचे नाव सांगितले की त्याची ओळख पुरी होते. मूल स्वतः काय जाणते याला तेथे महत्त्व नसते. त्याला आपले म्हणणारे कोण आहे, याला असते. ख्रिस्ती धर्मातील ज्या आश्वासनाविषयी मी आज बोलणार आहे, त्याचे मर्म या साध्या प्रश्नात आहे.

नाशिकला गंगेवर येणाऱ्या यात्रेकरूला याचा निराळा अनुभव येतो. गाव व आडनाव सांगताच क्षेत्रोपाध्ये नामावळी उघडतात आणि पणजोबांच्या हातची नोंद पुढे ठेवतात. ते जुने अक्षर पाहून मनुष्याचा ऊर भरून येतो. आपण येण्यापूर्वीच आपली ओळख येथे येऊन राहिली आहे, आपण परके नाही, असे त्याला वाटते.

परंतु ज्याचे नाव कोणत्याच नामावळीत नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न याच नाशिकात एके काळी प्रत्यक्ष उभा राहिला होता. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसविली. त्या काळी गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार समुद्रात पकडीत असे. त्यांतून सोडविलेली अनेक आफ्रिकी मुले मुंबईमार्गे शरणपुरास आली. तेथे त्यांना लिहिणेवाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. ही मुले आईबापांपासून हिरावलेली व बाजारात विकलेली. ‘कोणाचा रे तू?’ या प्रश्नास त्यांच्यापाशी एकच उत्तर उरले होते : ज्याने विकत घेतले त्याचा.

अशा मुलांना जेव्हा संत पौलाची शिकवण सांगितली गेली असेल, की तुम्ही स्वतःचे नाही, तुम्ही मोल देऊन घेतलेले आहा, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? आपल्याला हा अलंकार वाटतो. त्यांच्या तर तो अंगावरचा वळ होता. पण नीट पाहिले म्हणजे दोन मालकींतील भेद कळून येतो. गुलाम विकणाऱ्याला किंमत ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो; आणि त्या व्यवहाराचे मोल अखेर गुलामच आपल्या देहाने फेडतो. शुभवर्तमानातील मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, आणि मोल म्हणून स्वतःचा प्राण देतो. येथे धनीच देणारा आहे. म्हणून या मालकीत बेडी नाही, आसरा आहे.

शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण १८७२ साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली व झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले. सोबत्यांनी ते शव शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणले; जेकब त्याबरोबर विलायतेस गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळी शवपेटीबरोबर चालला. ज्याने असे दुसऱ्याचे नाव जपले, त्याला मात्र आपण त्याच्या जन्मनावाने ओळखत नाही. त्याचा सोबती मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत हयात होता. त्याचे मूळ नाव चेंगविंबे. ज्यांनी आश्रय दिला त्यांनी सद्भावाने नवी नावे दिली, पण त्यात जुनी झाकली गेली हे नाकारता येत नाही. चर्चची वही झाली तरी ती माणसानेच लिहिलेली. तिच्यात ‘जेकब’ एवढेच असले, तरी त्या पूर्वीचे लेकरू आणि त्याला मारलेली आईची हाक देवाला ठाऊक आहे, असे हे आश्वासन सांगते.

मी आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली. हजेरीपटावर नाव असणे आणि मास्तरांनी मुलाला ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला पुरते माहीत आहे. आज तर प्रत्येकाला बारा अंकी क्रमांक मिळाला आहे. तरी एकाच चाळीत शेजारचा शेजाऱ्याला ओळखीत नाही.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरची मनू गोखले ही लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाली. प्रथम कोणाची तरी मुलगी, नंतर कोणाची तरी पत्नी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या क्षणी तिचा दुसरा आधारही सुटला. त्यानंतरची काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पती गेला म्हणून ती त्या वाटेने गेली नाही; जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या मनाशी सोडविला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटते की येथे एक स्त्री कोणाच्या नात्याने नव्हे, तर स्वतःच्या नावाने देवापुढे उभी आहे.

पौल गलतीकरांस लिहिताना एके ठिकाणी तुम्ही देवाला ओळखता असे म्हणतो आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करतो : नव्हे, देव तुम्हांला ओळखतो. सारा धीर या दुरुस्तीत आहे. माझा विश्वास माझ्या ज्ञानावर टेकला असता, तर ज्ञान ढळताच तोही ढळला असता. आपल्या घरांतून आज अशी वृद्ध माणसे आहेत, ज्यांची स्मृती गेली आहे. मुलांची नावे आठवत नाहीत. जन्मभर म्हटलेली प्रार्थना ओठांवर येत नाही. त्यांचे देवाशी नाते तुटले काय? ज्या आईला मुलगा ओळखू येत नाही, तिला मुलगा तर ओळखतो ना? तिच्या विसरण्याने ती त्याची आई असल्याचे थांबत नाही. मग देवाच्या बाबतीत ते कसे थांबावे?

कोणी म्हणेल, सर्व जाणणाऱ्या देवाची भीतीच वाटावयास हवी. खरे आहे, आपल्यातील जे कोणाला दाखवू नये असे वाटते, तेही तो जाणतो. परंतु ते जाणूनही तो आपल्याला टाकीत नाही, येथेच भीती संपते. ज्याच्यापासून लपविण्यासारखे काही उरले नाही, त्याच्यापाशीच मनुष्य निवांत होतो.

मात्र हे आश्वासन एकट्याने उराशी धरून बसण्याचे नव्हे. मला ओळखणारा देव माझ्या दाराशी आलेल्या मजुरालाही नावाने ओळखतो. मग त्याचे नाव न विचारता त्याच्याकडून काम करून घेणे मला शोभत नाही. आज ज्याला आपण केवळ ‘अहो’ किंवा ‘ए’ म्हणून हाक मारतो, त्याचे नाव विचारून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.