युरोपातील रोमा समाज आणि आपण
(भंडारा जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



आज मी तुमच्यापुढे युरोप खंडातील एका समाजाविषयी बोलणार आहे. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला युरोपाशी काय कर्तव्य, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु या लोकांचे पूर्वज आपल्याच देशातून गेले, आणि त्यांनी न्यायासाठी दिलेला लढा पाहिला म्हणजे आपल्या हक्कांचे मोल आपणास अधिक स्पष्टपणे कळते.

या समाजास रोमा म्हणतात. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थान सोडून पश्चिमेकडे गेले. भाषाशास्त्रज्ञांनी हे त्यांच्या बोलीवरून सिद्ध केले आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नख’ आणि काळ्याला ‘कालो’. आज युरोपात त्यांची संख्या सुमारे एक कोटी मानली जाते. आजच्या रुमानियाच्या प्रदेशात ते 1855-56 पर्यंत कायद्याने गुलाम होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी त्यांची लाखोंनी कत्तल केली.

या लोकांनी देश बदलले, ज्या देशात गेले तेथील धर्मही स्वीकारले. तरी अनेक ठिकाणी त्यांची वस्ती गावाच्या कडेलाच राहिली. रुमानिया व बल्गेरिया 2007 साली युरोपीय संघात आले, तेव्हा तेथील रोमांना संघातील इतर देशांत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. पण 2010 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या सरकारने त्यांच्या झोपड्या उठवून शेकडो लोकांना परत धाडले. गाव सोडल्याने पोट भरते. मान आपोआप मिळत नाही. नागपूर-पुण्याला कामासाठी गेलेल्या आपल्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता शाळेची गोष्ट पाहा. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांसाठी असलेल्या शाळांत घालीत असत. इतर मुलांच्या मानाने रोमा मूल अशा शाळेत जाण्याचा संभव 27 पट अधिक आहे, असे अर्जदारांनी आकडेवारीनिशी दाखविले. अठरा विद्यार्थी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. 2006 साली ते हरले. त्यांनी पुन्हा दाद मागितली, आणि 13 नोव्हेंबर 2007 रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारचे म्हणणे होते की आईबापांनी संमती दिली होती. न्यायालयाने हे मान्य केले नाही. वंशावरून भेदभाव न होण्याचा हक्क कोणालाही सही करून सोडून देता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मातांनो, हे वाक्य तुम्ही मनावर कोरून ठेवा. मुलाच्या हिताचे आहे असे गोड बोलून कोणी कागद पुढे केला, तर तो वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.

हंगेरीच्या ईशान्येस शायोकाझा नावाचे गाव आहे. तेथे यानोश ओर्शोश आणि तिबोर देरदाक या दोघांनी रोमा मुलांसाठी 2007 साली शाळा उघडली. ते महाराष्ट्रात येऊन गेले होते; आपली बौद्ध चळवळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि शाळेला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले. अर्ध्यात शाळा सुटलेले तरुण तेथे शालान्त परीक्षेची तयारी करतात. ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी 1954 साली लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ज्या भंडाऱ्याने त्यांना पराभूत केले, त्या भंडाऱ्याच्या मुलांनी हे अवश्य जाणावे.

शेवटी एक दुःखाची तुलना करणे मला भाग आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये हंगेरीतील तातारसेंटग्योर्गी गावात एका रोमा घराला आग लावण्यात आली आणि बाहेर पळणाऱ्या बापाला व त्याच्या लहान मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. प्रथम हा आगीचा अपघात समजला गेला. 2008-09 मध्ये अशा हल्ल्यांत सहा जण मारले गेले होते. 2013 साली तिघा आरोपींना जन्मठेप झाली. आपल्याच जिल्ह्यातील खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहांना फाशी सुनावली; पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. 2010 साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी 25 वर्षांची कैद दिली. खून सिद्ध झाला. जातीचे नाव मात्र निकालात आले नाही.

त्यानंतर कायदा सुधारला आहे. पूर्वी अशा गंभीर गुन्ह्यात, जातीच्या कारणावरूनच तो घडला, हे सिद्ध करावे लागे. 26 जानेवारी 2016 पासून पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीस ठाऊक होते, एवढे दाखविणे पुरते. आणि आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल, तर ते त्याला ठाऊक होते असे न्यायालय गृहीत धरते. धम्मदीक्षा घेतल्याने हे संरक्षण जाते, अशी भीती कोणी घातली तर विश्वास ठेवू नका. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. मात्र जातीचा दाखला वेळीच काढून ठेवा. फिर्याद देताना आपली जात व आरोपीची ओळख तीत लिहवून घ्या. लिहिलेले वाचून घ्या आणि पहिल्या खबरीची प्रत मागा. ती विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात नोंद घेत नसतील, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवा.

ओस्त्रावाची ती मुले एकदा हरल्यावर घरी बसली असती, तर आज त्यांचा निकाल कोणी सांगितला नसता. कायदा पुस्तकात असतो. त्याला जिवंत करणारा माणूस गावात असावा लागतो. तो माणूस तुमच्या घरातून निघो, एवढीच माझी इच्छा आहे.

जय भीम!