रंगपंचमीचे रंग घरच्या घरी

(वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणी लोणच्यापापडावर बोलते, कोणी बचतीवर. यंदा मला रंगांवर बोलायला सांगितले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे रसायनशास्त्र मला सांगता यायचे नाही. परंतु बारा-तेरा वर्षे झाली, आमच्या घरी शिमग्याला विकतचा रंग येत नाही. तेव्हा जे हाताने केले, तेवढेच सांगते.

आमच्या लहानपणी धुळवडीला राख-माती आणि पंचमीला रंग, असा हिशेब होता. आता मुले होळीच्या दुसऱ्या दिवसापासूनच पिचकाऱ्या घेऊन निघतात आणि पंचमीपर्यंत थांबत नाहीत. म्हणजे चार-पाच दिवस अंगावर रंग. शिवाय हे दिवस नेमके परीक्षेचे. आमच्या आळीतल्या एका मुलीच्या डोळ्यात कुणीतरी हिरवी पूड फेकली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा दहावीचा पेपर होता. एका डोळ्यावर पट्टी बांधून पोर पेपराला बसली. डोळा वाचला, पण तिची आई त्या तीन दिवसांत किती खंगली ते आम्ही पाहिले आहे. त्या पुड्यावर काय लिहिले होते म्हणून पाहिले, तर काहीच लिहिलेले नव्हते.

माझ्या मुलीने मला वाचून दाखवले की, पूर्वी रंग म्हटला की तो झाडाचा, मातीचा नाहीतर किड्याचा असे. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे कोयनेल कृत्रिम रीतीने करायला गेला, आणि डांबरातून निघालेल्या पदार्थापासून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तिथून कारखान्यांतले रंग सुरू झाले. ते कापडाकरिता होते आणि कापडाला ते उत्तमच आहेत. माझ्या अंगावरचे हे लुगडेही त्याच रंगाचे. तक्रार एवढीच की, कापडाचा आणि लोखंडाचा रंग मुलांच्या तोंडाला फासतात. बाजारातल्या काही रंगांत शिसे आणि मोरचूद सापडल्याचे तपासणीत पूर्वीच दिसून आले आहे. आणि ते चंदेरी वार्निश! ते तर दाराच्या कडीला लावायचे.

आता आपल्या कामाकडे वळू. पहिला मान पळसाला. पळसाला पाने तीनच, हे आपण बोलण्यात नेहमी म्हणतो, पण फाल्गुनात ती तीनही गळतात आणि झाड नुसते शेंदरी होते. पत्रावळी-द्रोणांमुळे पाने आपल्या ओळखीची आहेत, फूल मात्र नीट ओळखावे. त्याच सुमारास पांगाराही फुलतो आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पांगाऱ्याच्या फांदीला काटे असतात. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे, आणि खालची वाटी काळपट, मखमलीसारखी. झाड ओरबाडू नये. सकाळी खाली सडा पडलेला असतो, तोच वेचावा. त्या फुलांवर पाखरे येतात, त्यांचाही त्यावर हक्क आहे.

फुले झटकून सावलीत वाळवावी. वाटीभर वाळली फुले दोन तांबे पाण्यात रात्रभर भिजत घातली की सकाळी पिवळा-केशरी रंग तयार. गडद हवा असेल तर तेच पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळून, निववून, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावे. गाळण्याचा कंटाळा केलात तर पिचकारी तुंबते आणि मुले तुमच्याच नावाने बोंब मारतात.

पुष्कळ जणी या पाण्यात चिमूटभर चुना घालतात. रंग खुलतो, हे खरे. पण पोरांच्या खेळाला मी चुना घालू देत नाही. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. मग विकतचा रंग टाळून आपण मिळवले काय? रंग थोडा फिका राहिला तरी चालेल.

चुन्याने काय होते ते पाहायचे असेल तर हळद घ्या. हळदीत चुना पडला की लाल होते, आपले कुंकू त्याच गुणावर होत आले. लुगड्यावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, तोही हाच प्रकार. आणि तोच डाग उन्हात वाळत घातला की उडून जातो. पंचमीला हा गुणच आहे. हळदीने रंगलेला सदरा दोन-चार दिवस उन्हात टाकला की बहुतेक निघतो. पळसाच्या रंगाची मात्र अशी खात्री देत नाही, जुनेच कपडे घालावे.

कोरड्या रंगाला आपल्या मावळात पिठाची वाण नाही. भाताची कणी बारीक दळून वस्त्राने गाळावी, त्यात हळद मिसळावी. चार वाट्या पिठाला एक वाटी पुरते. गुलाबीला बीट किसून रस पिळावा, तो पिठात किंवा आरारुटात चोळून सावलीत वाळवावा, पुन्हा चाळावा. बीट उकळू नये, तपकिरी होते. हा रंग टिकाऊ नाही, पण आपल्याला एका दिवसापुरताच हवा आहे. पालकाच्या रसाने पोपटी येतो, गर्द हिरवा येत नाही. गर्द हिरवा पाहिजे म्हणून मेंदी उधळू नका; ओल्या अंगावर ती चढते आणि पोर लाल हात घेऊन शाळेत जाते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते ती तर बिलकूल नको, तिने पुष्कळांच्या अंगावर फोड येतात. निळ्याला गोकर्णाची फुले गरम पाण्यात टाकावी आणि पोरांसमोर त्यात लिंबू पिळावे. निळ्याचे जांभळे होते. आमच्याकडे पंचमीपेक्षा याचीच वाट पाहतात.

एक गोष्ट सणाबाहेरची सांगते, कारण कांद्याच्या साली आपण रोज फेकतो. ख्रिस्ती लोकांत ईस्टरच्या सणाला अंडी रंगवतात, आणि युरोपात ती कांद्याच्या सालींत उकडण्याची जुनी चाल आहे. ज्यांच्या घरी अंडी चालतात त्यांनी सुट्टीत मुलांकडून करून घ्यावे. चार-पाच मुठी सुक्या साली, अंडी बुडतील एवढे पाणी, दोन चमचे व्हिनेगर. पंधरा मिनिटे उकळायचे आणि त्याच पाण्यात निवू द्यायचे. अंड्याचे कवच चुनखडीचे असते, आंबट त्याला किंचित खरबरीत करते म्हणून रंग धरतो. अंडे पांढरे घ्यावे, विटकरी तांबूस रंग येतो. अगोदर कोथिंबिरीचे पान अंड्यावर चिकटवून वर विरलेले फडके घट्ट बांधले, तर रंगात पानाची पांढरी नक्षी उठते. अशी अंडी खायची असतील तर उन्हाळ्यात बाहेर शोभेला ठेवू नयेत, थंड जागी ठेवून लवकर संपवावी.

झाडाचे म्हणजे निर्धोकच, असे मात्र समजू नका. धोतरा, रुई, कण्हेर यांना हातसुद्धा लावू देऊ नये. हळदीनेही एखाद्याला पुरळ येते, म्हणून आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावे. खेळायला सोडण्यापूर्वी अंगाला, केसांना खोबरेल चोळावे. पीठ घरचे असले तरी तोंडावर उधळू नये, ते श्वासात जाते. डोळ्यात काही गेलेच तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे धरावी आणि डॉक्टरांकडे जावे. मध, तूप, दूध असले काही घालीत बसू नये.

गेल्या फाल्गुनातली वाळलेली पळसफुले मी पिशवीतून आणली आहेत, दारापाशी ठेवली आहेत. जाताना ज्यांना हवी त्यांनी मूठमूठ घ्यावी. पिशवी तेवढी ठेवून जा, ती शेजारच्या काकूंची आहे.